उलटून लावलेलं कापड

नागाव,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

बिलियर्ड टेबलाच्या तिसऱ्या भोकापर्यंतच्या पिना निघाल्या. अंगठा दुखायला लागला म्हणून पकड खाली ठेवली आणि प्रफुल्लकडून ही वही मागून घेतली.

कैस, अस्सलाम अलैकुम. हे आधी लिहायला हवं होतं. इकडे सगळी खैरियत. अब्बांची शुगर ताब्यात आहे. शेजारची मेहेक उद्या दुपारी मांडव्याहून बोटीने निघते, रात्री तिचं विमान. परवा हे पत्र मस्कतला तुझ्या हातात पडेल. सोबत मसाला आहे आणि सुके बोंबील आहेत. पत्र बोंबलांच्या पिशवीत ठेवू नको, एवढं मी तिला बजावलंय.

इथून फोन करता आला असता. सकाळपासून दोनदा हातात घेतला. पण तुझा आवाज ऐकला की मी ‘सगळं ठीक’ म्हणते. रमजानपासून म्हणतेय.

अब्बांची तयारी जोरात आहे. मस्कतच्या हॉटेलची बारा टेबलं त्यांची सगळ्या गल्लीला सांगून झाली. नवी कात्री घेतली. पासपोर्ट रोज उशीखालून काढून बघतात. काल शेजारी म्हणाले, “बदरुद्दीनभाई, या वयात परदेश?” तर अब्बा म्हणाले, “पोरगा बोलावतोय. आणि मस्कतच्या लोकांना कापड ताणता येत नाही, त्याला मी काय करू?”

रविवारच्या तिकिटाबद्दलच लिहायचं आहे. जरा थांबते. प्रफुल्ल आलाय.

तो विचारत होता, “काय गो फिरोजा, परवा चाचांनी लावलं, आज परत कशाला उचकटतेस?”

मी म्हटलं, एका कोपऱ्यात सैल राहिलंय.

“मला तर काय सैल दिसत न्हाय. चाचांचं काम हाय ते. शनिवारी बारा जणांचा ग्रूप येतोय माझ्या होमस्टेला, टेबल उघडं पडलं तर पोरं मला खेळवतील.”

“संध्याकाळपर्यंत होईल.”

आतून त्याची आई, ठमाबाई, ओरडली, “आधी खायला दे तिला. सकाळपासून जुंपलीस.”

“मी कुठे जुंपली? तीच आली!”

त्याने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण आणून दिलं. अर्धी भाकरी खाल्ली.

कोपरा सैल नाही, कैस. परवा, मंगळवारी, अब्बांनी लावलेलं कापड इतकं घट्ट आहे की बोट आपटलं तर वाजतं. कुठे सुरकुती नाही. कोपऱ्यातल्या घड्या अगदी सारख्या. तू लहानपणी टेबलाखाली बसून पिना गोळा करायचास तेव्हाची सफाई आजही तशीच आहे.

पण ते जुनं कापड आहे.

तुला त्यांची रीत आठवत असेल, तुला या कामाचा कंटाळा होता तरी. जुनं कापड उतरवलं की लगेच कापायचं. घडी घालून ठेवलं तर आपल्या हवेत आठवड्यात बुरशी धरते. मधला झिजलेला भाग बाजूला, आणि कडेच्या चार लांब पट्ट्या. पट्ट्या लहान टेबलांच्या काठांना, उरलेलं शाळांच्या सूचनाफलकांना. ज्याला नवं कापड परवडत नाही त्याच्यासाठी दुसरी रीत. जुनंच उलटून लावायचं. आतल्या बाजूचा रंग उडालेला नसतो. वरवर नवं दिसतं. चेंडू थोडा जड चालतो, पण गिऱ्हाइकाला ते आधी सांगितलेलं असतं.

प्रफुल्लने नवं कापड मागवलं होतं. मंगळवारी दोन्ही पडवीत होती, उतरवलेलं आणि नवं, दोन्ही हिरवी. मी आत इस्त्री तापवायला गेले. ठमाबाईने सुनेची गोष्ट काढली, मी ऐकत उभी राहिले. पंधरा मिनिटं झाली असतील. बाहेर आले तर अब्बा गुडघ्यांवर बसले होते, समोर चार लांब पट्ट्या, काठाला समांतर, सरळ कापलेल्या. नव्या कापडाच्या. शेवटची पट्टी गुंडाळून त्यांनी तिला दोरा बांधला. मग उठले, जुनं कापड उलटं करून टेबलावर पसरलं आणि मला म्हणाले, “चल पोरी, दुसरं टोक धर.”

त्यांच्या हातांनी दोन्ही कामं बरोबर केली. दोन वेगवेगळ्या दिवसांची.

मी वाट पाहत होते. कापडावरून तळवा फिरवल्याशिवाय ते ताणत नाहीत. डोळे मिटून लव कुठल्या बाजूला झुकते ते सांगायचे, तुला पैजेत हरवायचे. त्यांनी तळवा फिरवला. तीनदा. मान हलवली. “छान आहे,” म्हणाले.

प्रफुल्ल शेजारीच उभा होता. चहाचा कप हातात. मी दुसरं टोक धरलं. एक तास आम्ही ते कापड ताणत होतो, पिना मारत होतो. प्रफुल्ल म्हणाला, “वा चाचा, काय फ्रेश दिसतंय.” अब्बा खूश झाले. घरी येताना रिक्षात झोपले.

आज मी घरी सांगून आलेय की एक पिन सुटली. उरणच्या क्लबसाठी ठेवलेलं कापड आणलंय, ते लावतेय. प्रफुल्लला शेवटी सांगितलं की चुकून जुनं लागलं, माझ्याकडून. तो हसला. “तुझ्याकडून? चाचा बघत नव्हते का?” बघत होते, म्हटलं.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. रमजानमध्ये उरणला त्यांनी एकाच कोपऱ्याला दोनदा पिना मारल्या आणि समोरचा सोडला. तेव्हापासून मी टेबलाच्या भोकांवर खडूने आकडे घालते, एक ते सहा. ते काही विचारत नाहीत. ऑगस्टमध्ये मी त्यांना अलिबागला डॉक्टरकडे नेलं होतं. तुला ‘शुगरसाठी’ सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? अब्बा म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कॅलेंडर तुमच्या भिंतीवर आहे, मला कशाला विचारता?” डॉक्टर हसले, मीही हसले. वार त्यांनी सांगितला नाही. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लिहून दिलं. तो कागद माझ्या कपाटात आहे. फोटो काढलेला नाही.

तू म्हणशील, मग तिकीट काढलं तेव्हा का गप्प बसलीस? या प्रश्नाचं उत्तर मी सकाळपासून टाळतेय.

मला त्यांना पाठवायचं होतं. एक महिना. तुझ्याकडे राहिले की तुला आपोआप दिसेल, मला सांगावं लागणार नाही. आणि महिनाभर मी रात्री दाराची कडी तपासायला उठणार नाही. ते एकटे विमानतळावर कसे उतरतील, त्या हॉटेलात बारा टेबलांपुढे एकटे उभे राहून काय कापतील, हे मला माहीत होतं. तरी मी त्यांची बॅग भरली.

आता एक कर. शनिवारी फोन कर आणि सांग की हॉटेलवाल्यांनी काम पुढे ढकललं. रंगकाम चाललंय, काहीही सांग. त्यांना हॉटेलवाल्यांचा राग येऊ दे. स्वतःचा नको.

सहावं भोक झालं. जुनं कापड उतरलं. नवं पसरायला प्रफुल्लला हाक मारते. लव मी तळव्याने बघितली, मग उजेडात बघितली, मग पुन्हा तळव्याने.

शुक्रवार, सकाळ

साडेसातला अब्बा चहा न घेता हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभे होते. म्हणाले, “चल, प्रफुल्लकडे उशीर होतोय.”

मी म्हटलं, ते टेबल झालं. “कधी?” मंगळवारी, तुम्ही केलं. काल मी परत केलं. “परत का?”

मी सांगितलं. पट्ट्यांचं, पिनांचं, डॉक्टरांच्या कागदाचं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर बसले. मेहेकची आई समोरून गेली, तिच्या सलामाला त्यांनी उत्तर दिलं. मग माझ्याकडे वळले.

“कैसला कळवलंस?”

लिहिलंय, म्हटलं.

“काय लिहिलंस?”

हॉटेलवाल्यांचं खोटं कारण लिहिलंय, ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. “तसं नको. तो तिथे लोकांना तोंड देणार. त्याला खरं लिही.”

म्हणून लिहिते. अब्बा रविवारी येत नाहीत. तू हॉटेलात खरं कारण सांग आणि तिकीट रद्द कर. आम्ही आज अलिबागला फोटो काढायला जातोय. ते कपडे बदलतायत.

मी आता फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणणार नाही. तू विचारत जा.

तुझी आपा,
जिने दुसरं टोक धरलं होतं,
फिरोजा