तीन नंबरचा कम्प्युटर

१२ जानेवारी २०१६, मंगळवार

आज सकाळी बाबासाहेब आणि भगवान बुद्धांसमोर मेणबत्ती लावली, वंदना केली, सायकलने आमगावला येऊन माझी टायपिंगची संस्था उघडली. चारही कम्प्युटर ओल्या फडक्याने पुसले. मग परीक्षा केंद्राच्या तपासणीचे साहेब आले आणि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो.

"रॅम किती?"
"दोन जीबी, साहेब."

पडद्यावरही तसंच लिहिलेलं होतं. ते भुपेंद्र मेकॅनिकने परवा लिहून ठेवलं. मशिनी बारा वर्षांच्या. टायपिंगची परीक्षा आता कम्प्युटरवर, तिला नवी विंडोज लागते, आणि नव्या विंडोजला जेवढी रॅम लागते तेवढी या डब्यांत नाही. नवे घेण्याची ऐपत नाही. भुपेंद्र हसला होता — "दादा, अंदर कुछ भी रहे, परदे पे दो जीबी लिख देंगे. साहब कौनसा पेट फाडके देखेगा?"

साहेबांनी फाडून पाहिलं नाही. चहा घेतला, सही केली. परीक्षा माझ्याकडेच होणार!

१३ जानेवारी

पंचशील म्हणताना चौथं शील सुटलं. खोटं न बोलण्याचं. घाईत सुटलं, असं मनाला सांगितलं.

१९ जानेवारी

नवी विंडोज रडत चालते. ती सुरू होईपर्यंत टपरीवर चहा पिऊन होतो. भुपेंद्रने आज तीन नंबरच्या मशीनची रॅम काढून बाकी तिघांना वाटली. त्यात एकच बारकी पट्टी ठेवली. तिघे सावरले. तीन नंबर पार बसला — अक्षर दाबलं की दम खाऊन उमटतं. पडद्यावर मात्र दोन जीबीच!

"एक को मारके तीन जिलाये," म्हणाला.

२८ जानेवारी

अल्का आज तीन नंबरवर बसली होती. नवरा वारल्यावर त्याच्या जागेवर कारकून लागली ती. दोन वर्षांत टायपिंग पास व्हायचं, नाहीतर नोकरी जाते. तिची मुदत ३१ मार्चला संपते. ही शेवटची परीक्षा.

जुन्या टाइपरायटरवर मीच शिकवलं तिला. काय हात! शेजारचा कवडू शिंपी पायडल थांबवून ओरडायचा, "सर, तुमची बाई माह्या मशीनच्या पुढं पळून राहिली!"

आज म्हणाली, "सर, अक्षरं सुटून राहिलेत. माह्या बोटातच खोट आली का जी?"

"सराव वाढवा," म्हणालो.

११ फेब्रुवारी

परीक्षेला कोण कुठे बसणार ते मी ठरवायचं आहे. चार दिवस तेच डोक्यात. बायको कुसुम म्हणाली, "भात थंडा होऊन राहिला, काऊन जेवत नाही?" काही नाही म्हटलं.

चारही मशिनी वापराव्या लागणारच. तीन नंबरवर कोण? कच्च्या पोराला बसवलं तर तो गेलाच. अल्काचा हात पक्का — ती निभावून नेईल. तिचं नाव लिहिलं.

२२ फेब्रुवारी

परीक्षा झाली. बाकी सगळ्यांचं निभावलं. वेळ संपायच्या आधीच अल्काचे हात थांबले होते. मांडीवर ठेवून ती पडद्याकडे बघत होती. शब्दांचे नुसते तुकडे होते तिथे.

जाताना म्हणाली, "तुमी येवढं शिकवलं सर, मीच ठोंबी निघाली."

मी हात जोडले.

२३ फेब्रुवारी

आज दार आतून लावून स्वतः तीन नंबरवर बसलो. सावकाश टाइप केलं — एकूण एक अक्षर आलं. अल्काच्या गतीने केलं — दर चार-पाच अक्षरांमागे एक गायब!

सावकाश हाताचं ते मशीन काहीच बिघडवत नाही. जलद हातालाच खातं. कच्चा पोरगा बसला असता तर कदाचित तरला असता. वीस वर्षं टायपिंग शिकवतो मी, आणि एवढं करून बघायचं सुचलं नाही. बघायचंच नव्हतं.

२६ फेब्रुवारी

परीक्षेच्या कार्यालयाला सगळं लिहून देतो म्हटल्यावर भुपेंद्र बिथरला. "दादा, चूप बैठो. एक फेल हुई तो कौन पूछता है? मान्यता जायेगी. मैं भी फसूंगा." त्याचं नाव घालणार नाही. दोन जीबी हा शब्द माझ्या तोंडून गेला होता.

कुसुमला आज सांगितलं. तिने तांदूळ निवडणं थांबवलं.

"ते बाई रोज सोताले दोष देऊन राहिली असन. अन् तुमी वंदना करता!"

अर्ज दिला तरी अल्काची नोकरी वाचेल असं वाटत नाही. कागद हलायलाच महिने लागतात.

१ मार्च

चार कागद लिहिले, चारही फाडले. दर वेळी "चुकून" हा शब्द येतो.

३ मार्च

अर्ज दिला. एक प्रत परीक्षेच्या कार्यालयात, दुसरी अल्काच्या साहेबांच्या टेबलावर, ती समोर उभी असताना. मशीन खराब होतं, मला माहीत होतं, तिला तिथे मीच बसवलं — दोघांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, "फेरपरीक्षा मार्चात? कठीण आहे." अल्का माझ्याकडे न बघता बाहेर गेली. संस्थेची मान्यता काढून घ्यावी, हे शेवटच्या ओळीत मीच लिहिलं आहे. खाली सही केली.