डाव्या बाजूचं लॉक

कुकटपल्ली, हैदराबाद
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अरविंदभावजी,
अनेक आशीर्वाद. प्रमिलाची कंबर आता बरी असेल. सोलापुरात थंडी सरली का? इथे दुपारी पंखा लागतो. तुमच्या दादांची साखर ताब्यात आहे, गुडघे नाहीत. फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते.

सोसायटीने पार्किंगमधलं भंगार हलवायला सांगितलं. भंगार म्हणजे आपली जावा मोटरसायकल. दादा म्हणाले, "देऊन टाक." मी म्हटलं, आधी उघडून बघते. जामबागच्या कॉलेजात नोकरी संपेपर्यंत टू-स्ट्रोक इंजिन फळ्यावर काढलं, पाना कधी हातात धरला नाही. शेजारची शिल्पा म्हणाली, "काकू, या वयात?" मी तिला विचारलं, कोणत्या वयात करायचं असतं? त्यावर तिने मला जुनी चादर आणून दिली, खाली अंथरायला.

पिस्टन जाम होता. डिझेल ओतून भिजत ठेवला, रोज लाकडी ठोकळ्याने ठोकला. सुटायला आठवडे गेले.

आता मुद्द्याचं. पिस्टनच्या आडव्या पिनेला दोन्ही टोकांना तारेची एकेक कडी असते. मेकॅनिक तिला लॉक म्हणतात. ती नसली की पीन सरकते आणि सिलिंडरची भिंत कापते. उजवीकडचं लॉक जागेवर होतं. डावीकडचं नव्हतं. निसटलं असतं तर त्याचा तुकडा खाली सापडला असता, ते बसतं ती खाच तरी खरवडली असती. खाच कोरी होती. समोरच्या भिंतीत नख अडकेल एवढी खोल सरळ चर.

या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात; ऑइलविना जाम झालेला पिस्टन चहूबाजूंनी खरवडतो. हा तसा नव्हता. इंजिनच्या खालच्या पेटीत ऑइलचा काळा चिकट थर अजून होता.

झहीराबादच्या अलीकडे इंजिन जाम होऊन तुम्ही पडलात, मनगट मोडलं, बिदरची मुलाखत बुडाली, हे तुम्हाला सांगायला नको. ‘साधं पेट्रोल भरलंस, ऑइल घातलं नाहीस’ असं दादा सगळ्यांसमोर म्हणाले, तेही नको. ‘घातलं होतं’ असं तुम्ही एकदाच म्हणालात. त्याच्या आधीच्या रविवारी नवा पिस्टन दादांनी स्वतः बसवला होता. कोणाला हात लावू दिला नव्हता.

सिलिंडर बोअर करायला, म्हणजे आतून नव्याने कातायला, इथल्याच एका टर्नरकडे नेला. त्याने चर पाहिली. "अम्मा, ये पिस्टन किन्ने बिठाया?"
मी म्हटलं, घरवाल्याने.
"हौला है क्या वो? पागल?"
सरकारी इंजिनिअर होते, म्हटलं.
"हौ, तो फिर बराबर है."
हे दादांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पिस्टन मात्र त्यांच्या चहाच्या कपाशेजारी पेपरावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो फिरवून फिरवून पाहिला.
"डावं लॉक नाही."
"नाही."
"पडलं असेल."
"खाच बघा."
त्यांनी पाहिली. चहा गार झाला. जेवताना वरण वाढलं तर ताटावर हात आडवा धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी, एरवी जिना उतरायला कुरकुरणारा माणूस एकटाच रिक्षाने पुतलीबावलीच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गेला आणि मूठभर लॉक घेऊन आला. लागतात दोन.

नवा पिस्टन मी बसवला. पहिल्यांदा उलटा. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला हवा, हे मुलींना पाठ करायला लावणारी मीच. दादांचे हात कापतात, म्हणून ते उजेडाला हातातली बॅटरी धरून स्टुलावर बसले होते. लॉक बसवलं की म्हणायचे, "बसलं का ते? परत बघ." मी परत बघत होते. शेवटी म्हटलं, बसलंय, आता काय वेल्डिंग करू? तर म्हणाले, "त्या दिवशी मला आतून कोणी हाक मारली होती वाटतं, जेवायला. मधेच उठलो." एवढंच. माझ्याकडे बघून नाही, बॅटरीकडे बघून.

दादांना म्हटलं, भावजींना पत्र लिहा. कागद घेऊन बसले, ‘चि. अरविंद’ लिहिलं आणि पेन मला दिलं. म्हणून हे माझ्या अक्षरात.

इंजिन चेसीवर चढलंय. प्लगला ठिणगी येते. सोसायटीला कळवलंय की भंगार नाही, गाडी आहे. टाकी कोरडी आहे. काल मी पेट्रोल आणायला बाटली घेतली, तर दादांनी ती काढून घेतली. म्हणाले, "पेट्रोल अरविंद भरेल. ऑइल किती घालायचं ते त्याला ठाऊक आहे."

आईंच्या दिवसांना आलात तेव्हा लॉजवर उतरलात. या वेळी खोली झाडून ठेवली आहे.

वाट पाहणारी,
तुमची वहिनी
चतुरा