गार्डा स्टेशनला गर्दी होती

बाबा,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता मला तुझाच संशय येतोय. बाकी सगळ्यांचा घेऊन झाला. मागच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये डब्लिनचं कॉलेज लॅपटॉपवर आलं, तेव्हा एका प्रोफेसरशी भांडून मी झाकण आपटलं ते परत उघडलंच नाही. वर्गातले बाकीचे चेरीवूडच्या कंपन्यांत नोकरीला लागतील, मी गोदामात खोकी चढवतो. आई म्हणते, "डोकं बापाचं नाही घेतलंस, माझ्या भावाचं घेतलंस."

इथली कौन्सिल वर्णभेदाविरुद्ध योजना लिहितेय. नोकरीत सगळ्यांना वाव, बाहेरून आलेल्यांची मतदार नोंदणी, असं बरंच काही. मला वाटलं, झालं, आता वेबसाइटवर चार काळेसावळे चेहरे हसतील आणि विषय संपेल. तेच तोंडावर सांगायला मी त्यांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये घुसलो. म्हणालो, माझे वडील इथल्या एका हॉस्पिटलात शेवटपर्यंत रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचे डॉक्टर, होते. ज्यांना त्यांनी सलाईन लावायला शिकवलं ते कन्सल्टंट झाले, हे तिथेच राहिले. इथवर खरं होतं. पण एका चौकोनात एक साहेब जांभई देत होता. माझं डोकं फिरलं आणि तोंडातून निघून गेलं, "आणि मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले, तर त्यांना दारातून परत पाठवलं." जांभई थांबली. दुसऱ्या चौकोनात एक मुलगी भराभर लिहून घेत होती.

बाबा, ती मुलगी. आईवडील नायजेरियाचे, वाढली इकडेच, किलकेनीत, मसुदा लिहिण्याचं काम तिच्याकडे. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती, त्यामुळे पाच किलोमीटरात जेवढं प्रेम करता येतं तेवढं मी केलं. कालव्याच्या काठाने चालायचो. ती सारखी तुझ्याबद्दल विचारायची. एकदा न राहवून म्हणालो, "तुला मी आवडतो की माझा बाप?"

"तुझा बाप. तो निदान ओरडत नाही."

हसली. मी हसलो नाही. रात्रभर वाटत राहिलं, हिला माझी गोष्ट हवी आहे, मी नको.

मग गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "तुझ्या वडिलांपासूनच मसुदा सुरू केलाय. पण आमचा साहेब विचारतो, हे खरंच घडलं का? एखादा कागद असेल तर दे. नाहीतर तो नोंदणीचं अख्खं कलम उडवेल." कलम साधंच आहे. फॉर्मवर सही-शिक्क्यासाठी लोकांनी गार्डा स्टेशनला, म्हणजे पोलिसांकडे, जायचं नाही. कौन्सिलच्या माणसांनी लोकांकडे यायचं.

तुझी फाईल अजून किचनच्या प्रेसमध्ये आहे. इथे राहून आई कपाटाला प्रेस म्हणायला लागलीये. कुकरमागे सापडली. त्यात तुझा मतदार नोंदणीचा फॉर्म होता. तुझं ते डॉक्टरला न शोभणारं सुवाच्य अक्षर. नागरिकत्वाच्या रकान्यात 'इतर'वर खूण. खाली सही. शिक्क्याची जागा कोरी.

आई मिरच्या चिरत होती. वर न बघता म्हणाली, "सिटिझनशिपची फाईल सरकारदरबारी आत होती ना. पोलिसांच्या नजरेत कशाला यायचं, म्हणायचा. एकदा पासपोर्ट हातात पडू दे, मग बघू."

"पण कौन्सिलच्या निवडणुकीला पासपोर्ट लागतच नाही, आई. इथे राहणारा कुणीही मत देऊ शकतो."

"त्याला काय माहीत नव्हतं?"

ही फाईल माझ्या मांडीवर होती, बाबा. मी नऊ वर्षांचा, गाडीत पुढच्या सीटवर. तू स्टेशनसमोर गाडी लावतोस, टाय नीट करतोस, फॉर्म हातात घेतोस. काचेतून दार दिसतंय. कुणी आत जात नाही, कुणी बाहेर येत नाही. तू किती वेळ बसून राहतोस, मला कंटाळा येतो. मग तू फॉर्म माझ्या मांडीवरच्या फाईलमध्ये घालतोस आणि मला चिप्स घेऊन देतोस. घरी आईने विचारल्यावर म्हणतोस, "गर्दी होती." मी म्हटलं, "नव्हती." तेव्हा तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर खेकसलास, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

तेव्हापासून मला माहीत होतं. तरी मीटिंगमध्ये मी तुला दारापर्यंत नेलं.

काल तिला सगळं सांगितलं. ती चालायची थांबली. "म्हणजे कुणीच हाकललं नाही?"

"तो गाडीतून उतरलाच नाही."

"तुझ्या शब्दावर मी सहा पानं लिहिलीत, गाढवा." मग पुन्हा चालायला लागली आणि म्हणाली, "पहिलं पान बदलते. गाडीतच बसलेल्या माणसासाठीच तर ते कलम आहे. साहेब हसला तर हसू दे." आणि माझ्याकडे रोखून बघत, "तू नाव नोंदवलंस?"

"उद्या नोंदवतो."

माझी सिटिझनशिपची फाईल सध्या आत आहे, बाबा. आज सकाळी माझा फॉर्म भरून घेऊन गेलो होतो. तेच दार, तसंच रिकामं. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो, किती वेळ ते सांगत नाही. मग परत आलो. हे पत्र तुझ्या फाईलमध्ये, दोन्ही फॉर्मांच्या मध्ये ठेवतोय. दुपारी तिचा फोन आला, झालं का म्हणून.

मी म्हणालो, गर्दी होती.