अड्याळहून आणलेली मशीन

बाबा, परवा एसटीत खिडकीशी बसलो होतो आणि तुमची आठवण झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा रागही येत नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. ताई एका पिशवीनिशी अड्याळहून माहेरी आली. भाऊजींनी हात उचलला होता. मी बावीस वर्षांचा, मिशीला नुकता पीळ देऊ लागलेलो. मित्र गोळा केले, मोटरसायकलला किक मारली, तेवढ्यात तुम्ही तुमसरच्या राइस मिलमधून आलात, भुवयांवर कोंडा तसाच.

"पोरगी आता वापस जात नाही," तुम्ही म्हणालात. "पन तू कायले चालला? तिले काय पायजे, इचारलं काय?"

विचारलं नव्हतं. कसं विचारणार? मी तर मर्दुमकी गाजवायला निघालो होतो. ताई चुलीपाशी बसून होती. म्हणाली, "मारामारी नोको. माही शिलाई मशीन तेवढी आनून दे. माह्यं पोट मी भरीन."

दुसऱ्या दिवशी आपण दोघं गेलो. भाऊजी ओट्यावर बसले होते. जन्मभर पोती वाहिलेले तुम्ही, ती हातमशीन सहज उचलली असतीत. पण तुम्ही ती माझ्या डोक्यावर ठेवलीत. माझे दोन्ही हात वर गुंतले. मागून भाऊजी हसत म्हणाले, "बांगड्याबी राह्यल्या तिच्या, घालून घे बे!" मी थांबलो. तुम्ही एवढंच म्हणालात, "चाल. मशीन पडन." आणि भर बाजारातून, लोक बघत असताना, मी चालत राहिलो. इतकं जड मी पुन्हा काही उचललेलं नाही. ताई त्या मशीनवर आजही शाळेचे गणवेश शिवते.

परतीच्या एसटीत मशीन मांडीवर घेऊन मी रडलो. अपमानाचंच रडू होतं, खोटं कशाला सांगू. तुम्ही भंडाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होतात. तुमचं लक्ष नव्हतं म्हणून मी सुटलो, असंच आजवर समजत होतो.

परवा माझा मुलगा, तुमचा नातू, भांडणात त्यानं ज्याला मारलं होतं त्याच्या घरी माफी मागायला गेला. स्वतःहून. मी नुसता सोबत होतो. त्यांनी दारातूनच परत पाठवलं. येताना एसटीत तो माझ्या शेजारी रडायला लागला, आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, बाबा.