न वाजणारं जॅकेट

कामगारांचा कॅम्प, फोर्ट मॅकमरी, अल्बर्टा
२ ऑगस्ट २००९

ती. बाबांस,
सेल्बीचा सा. न. वि. वि.

विनंती कसली, भांडणच आहे. तुम्ही मागच्या पत्रात पुन्हा तेच लिहिलंत. मी पाठवलेलं जॅकेट झकास आहे, दुसरं नको, आणि तळ्याकडे आता मूस जातीची हरणं उरलीच नाहीत. बाबा, मूस आहेत तिथेच आहेत. रविवारी मी गार्लंडकाकाला फोन लावला आणि त्याच्या पोटातून सगळं काढून घेतलं.

तो म्हणाला, गेल्या हंगामात तीनदा चांगला घोड्याएवढा नर झुडपांच्या कडेपर्यंत आला होता. तीनदा तुम्ही बंदूक उचललीत, तीनदा जॅकेट वेफर्सच्या पुडीसारखं करकरलं आणि तीनदा जनावर शेपूट फिरवून गेलं. मी विचारलं, मग तिथल्या तिथे बोलला का नाहीस? तर म्हणे, पोराने पहिल्या पगारातून धाडलेली वस्तू, तिला नावं कोण ठेवणार. म्हणजे त्याच्या भिडेपायी तुम्ही अख्खा हिवाळा खारवलेल्या माशावर काढलात आणि मटणाच्या बरण्या फळीवर रिकाम्या बसल्या.

चूक माझीच. ते जॅकेट इथल्या कामाचं. परांच्या बांधताना वरून पाऊस पडतो म्हणून सगळे तसलंच घालतात. पाणी आत येत नाही हे खरं, पण इथे यंत्रांचा असा गोंगाट असतो की शेजारचा माणूस बोंबलला तरी कळत नाही, तिथे बाही वाजलेली कुणाला कळणार? मी किंमत बघून घेतलं, कान लावून घेतलं नाही.

आता लगेच आईने विणलेल्या स्वेटरचं नाव काढू नका. लोकर वाजत नाही, मान्य. पण गेल्या नोव्हेंबरात तोच स्वेटर भिजवून तुम्ही घरी आलात आणि तीन आठवडे छाती भरून पडून होतात. मला नवीन घ्यायचंय, मुकं आणि भुरभुर पावसात टिकणारं. स्वेटरवरून छातीचं माप कळवा.

इकडे ठीक. खोली म्हणजे खोकं. सोबती गेल्या तीन महिन्यांत तीन बदलले, एकाचंही आडनाव मला माहीत नाही. सगळे जेवतात आणि आपापल्या दाराआड जातात.

रागवा, पण पत्र चुकवू नका.
तुमचा
सेल्बी


टर्न कोव्ह, न्यूफाउंडलंड
१३ ऑगस्ट

चि. सेल्बीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं. गार्लंडच्या तोंडाला कधीच झाकण नव्हतं. जॅकेट वाजत नाही. तुझं पत्र आल्यावर मी ते घालून स्वयंपाकघरात बसलो, हात वर-खाली केले, बाही बाहीवर घासली. चुलीपाशी एवढी शांतता असते, तरी मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही. तेव्हा तो विषय संपला.

मूस वर माळाकडे सरकले आहेत. किंवा माझं बोलावणं बिघडलं असेल, म्हातारपणी गळा जातोच. बर्च झाडाच्या सालीचा कर्णा नवीन केला पाहिजे. मी मादीची हाक अशी घालायचो की नर तळ्यापलीकडून ओरडत यायचा, तुला आठवत असेल. गेल्या वर्षी घसा बसेपर्यंत बोलावलं, पण एकानेही उत्तर दिलं नाही. उत्तर नाही म्हटल्यावर माणूस किती वेळ बसेल?

दुसरं असं, की शिकारीच्या परवान्यावर माझ्याबरोबर तुझंही नाव आहे. गेल्या वर्षी तू येणार म्हणालास म्हणून मी दोघांचा चहा घेऊन तळ्यावर गेलो होतो. नंतर तो गार्लंडला पाजला. त्याला साखर जास्त लागते. यंदा येणार असलास तर कळव, नसलास तरी कळव. नरांना हाकेची भूल पडते ती जेमतेम तीन आठवडे, सप्टेंबर सरता सरता. तुला हे मी सांगायला नको.

जॅकेट नकोच. तरी तू ऐकणार नाहीस, म्हणून सोबत जाळं विणायची दोरी धाडतो. मोठ्या गाठीपर्यंत छातीचं माप, धाकटीपर्यंत हाताचं. दंडाशी जरा ढिलं बघ, बंदूक उचलताना ओढ बसते.

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहेच, ती काय पत्रात लिहायची.
तुझा बाप
हेवर्ड


फोर्ट मॅकमरी
२८ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न.

जॅकेट आजच पोस्टात टाकलं. आता ते कसं निवडलं ते ऐका, म्हणजे कपाटात ठेवून द्यायची तुमची छाती होणार नाही.

सुट्टीच्या दिवशी शहरात गेलो. शिकारीच्या सामानाचं मोठं दुकान. सात जॅकेटं काढली आणि एकेक अंगात घालून, डोळे मिटून, हात हलवत उभा राहिलो. दुकानातल्या मुलीने विचारलं की बरं वाटत नाही का. मी म्हटलं, माझे बाबा मूस मारतात. तिने आत जाऊन दुकानातलं गाणं बंद केलं. इथे आल्यापासून माझ्यासाठी कुणी केलेलं हे पहिलं काम.

एकाची चेन वाजत होती. एक गप्प होतं, पण त्यावर मी बाटलीतलं पाणी ओतलं तर स्पंजसारखं पिऊन टाकलं. दोन जॅकेटांच्या आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता, दुकानात गप्प, पण चोळलं की कुजबुजायचं. शेवटी घेतलं ते ह्यांच्या भाषेत सॉफ्टशेल. बाहेरून जर्दाळूच्या सालीसारखी लव, आतून मऊ लोकरीचं वाटावं असं अस्तर, आणि मधल्या थराने वारा अडतो. मनगटाला वेल्क्रोच्या पट्ट्या होत्या, त्या ओढल्या की गोणपाट फाटल्यासारखा आवाज. त्या मी उसवल्या आणि बटणं लावली. शिवण वाकडी आहे, पण पक्की आहे.

थंडीत कापड कडक होऊन वाजतं का, हे दुकानात कळणार नव्हतं. म्हणून इथल्या आचाऱ्याच्या पाया पडलो आणि मांस ठेवायच्या गोठखोलीत पाव तास जाऊन बसलो. मग ते घालूनच नळाच्या फवाऱ्याखाली उभा राहिलो. दहा मिनिटं पाणी मोत्यांसारखं घरंगळत होतं, त्यानंतर खांद्याच्या शिवणीतून गार लागलं. तेव्हा भुरभुरीत दिवसभर बसा, धो धो लागला तर मुकाट्याने घरी या. पूर्ण कोरडं आणि पूर्ण मुकं जॅकेट अजून कुणी शिवलेलं नाही. मला कपड्यांसकट फवाऱ्याखाली बघून खोलीतल्या सोबत्याने दुसऱ्या दिवशी खोली बदलून घेतली. हा चौथा.

आता जे लिहायचं ते लिहितो. त्या गोठखोलीचं जाड दार लागलं आणि कित्येक महिन्यांनी मला कसलाच आवाज आला नाही. तेव्हा तुमचं वाक्य आठवलं, की स्वयंपाकघरात काहीसुद्धा ऐकू आलं नाही. बाबा, ते पहिलं जॅकेट वाजतं. भरपूर वाजतं. तुम्हाला ऐकू येत नाही.

मी फोन सोडून पत्रं का लिहायला लागलो, तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी वारा कसा आहे विचारलं की तुम्ही दोन डझन म्हणायचात. आणि गार्लंडकाकाने आणखी एक सांगितलं होतं, ते मी मागे गिळलं. नराने गेल्या वर्षी उत्तर दिलं होतं. दोनदा. तुम्ही त्याच्या उत्तरावरच पुढची हाक घालत राहिलात. तुमचा गळा गेलेला नाही.

मी येऊ शकत नाही. सप्टेंबरभर कारखाना बंद ठेवून दुरुस्ती आहे. जो रजा मागेल त्याच्या हातात कामावरून काढल्याचा कागद देतात. ही नोकरी तरी धरून ठेव, असं तुम्हीच म्हणाला होतात.

चिडलात तरी चालेल, पण मला टाकू नका.
सेल्बी


टर्न कोव्ह
७ सप्टेंबर

चि. सेल्बीस,
आ.

जॅकेट आलं. अंगाला बेतशीर बसलं.

तुझं पत्र वाचून मी धक्क्यावर गेलो. गार्लंड मासे चिरत होता. त्याला विचारलं. आधी म्हणाला, तसं फार काही नाही, हेवर्ड. मग बुटांकडे बघत बसला. मी म्हटलं, पाठ फिरव आणि बोल. त्याने पाठ फिरवली. त्याचे खांदे हलले, म्हणजे तो बोलला. काय बोलला ते मी त्याला विचारलं नाही.

तुझी आई गेल्यापासून घर शांत झालं. मला वाटायचं, ते ती गेल्यामुळेच. जिना वाजत नाही, किटली वाजत नाही, छपरावर पाऊस वाजत नाही. माणूस गेलं की घर असंच होत असेल, असं मी धरून चाललो. तीन वर्षं मी त्या शांततेशी तिच्याबद्दलच बोलत होतो. आता कळतं की त्यातली अर्धी माझ्या कानांची होती.

नवं जॅकेट घालून गार्लंडला दहा पावलांवर डोळे मिटून उभं केलं आणि बंदूक खांद्याला लावली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि सुरुवात कधी करतोस म्हणून हातानेच विचारलं. माझं चारदा लावून झालं होतं. तेव्हा तुझी निवड बरोबर आहे. बटणंही बरोबर आहेत.

पण मी जाणार नाही. ज्याला उत्तर ऐकू येत नाही त्याने हाक घालू नये. जनावर बापडं बोलतंय आणि मी त्याच्या बोलण्यावर ओरडतोय, ह्याची मला शरम वाटली. गार्लंड येतो म्हणतो, पण त्याला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही, आणि माझ्या कानांची चाकरी मी शेजाऱ्याकडून करून घेणार नाही. परवाना महिनाअखेरीच्या बोटीने सरकारी कचेरीत परत धाडतो. जॅकेट रोज धक्क्यावर जाताना घालीन, वाया जाणार नाही.

तू लिहिलंस ते बरं केलंस. इथे कुणीच सांगितलं नसतं. नोकरी सोडू नकोस, मला काही कमी नाही.

आहे तसा लोभ ठेव.
हेवर्ड


फोर्ट मॅकमरी
१५ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि., आणि ही विनंती खरंच विनंती आहे.

परवाना परत धाडू नका. गार्लंडकाकालाही फोन करून बजावलंय, की बाबा पाकीट घेऊन बोटीवर चढले तर त्यांना धक्क्यावरच धरून ठेव.

तुमचं पत्र मी जेवणाच्या खोलीत वाचलं. तिथे चारशे माणसं जेवत होती. वाचून झाल्यावर मी तसाच उठून मुकादमाकडे गेलो आणि सांगितलं की वीस तारखेनंतर माझं नाव काढा. तो म्हणाला, दुरुस्तीच्या महिन्यात दुप्पट पगार आहे, आता जाणारा मूर्ख. मी म्हटलं, असेन. त्याने विचारलं, एवढं काय अडलंय? मी म्हटलं, माझ्या बाबांच्या वतीने ऐकायला कुणीतरी पाहिजे. त्याला गंमत वाटली. हसला आणि सही केली.

ह्याआधीच्या तीन नोकऱ्या मी कंटाळून सोडल्या, हे खरं. तुम्हाला वाटेल ही चौथी तशीच. वाटू द्या. पण ह्या वेळी मी कुठून तरी पळत नाहीये. कुठे जायचंय ते मला माहीत आहे.

तुम्ही म्हणता की ज्याला उत्तर ऐकू येत नाही त्याने हाक घालू नये. मग मला उत्तर ऐकू येतं, पण हाक येत नाही, त्याचं काय करायचं? माझी हाक म्हणजे बोट लागलेली शेळी, तिला नर कशाला येईल. हाक तुम्हीच घालायची. मी तुमच्या मागे बसेन. नर बोलला की तुमच्या खांद्यावर एकदा हात दाबीन, मग तुम्ही थांबायचं. जवळ आला की दोनदा दाबीन. तिथून पुढे डोळे तुमचे. हे शेजाऱ्याकडून चाकरी करून घेणं नाही. परवान्यावर दोन नावं आहेत, सरकारनेच लिहिलीत.

कदाचित तीन आठवडे बसू आणि काहीच येणार नाही. कदाचित तुम्हाला माझा हात खांद्यावर सोसणार नाही आणि पहिल्याच दिवशी भांडू. भांडताना मात्र तोंड तुमच्याकडे करून बोलेन, पाठ फिरवणार नाही. हंगामानंतर मी काय करणार ते आता विचारू नका. मलाही माहीत नाही.

सव्वीस तारखेच्या बोटीने पोचतो. धुकं असलं आणि बोट सुटली नाही, तर पुढच्या बोटीने. धक्क्यावर थांबू नका, गारठा असेल. थांबणारच असाल तर जॅकेट घालून थांबा.

बाकी भेटीत. तोवर माया कमी करू नका, मी वाटेत आहे.
तुमचा
सेल्बी

ता. क. दर महिन्याला पाचशे डॉलर धाडतो. ह्या वेळी विमानाचं आणि बोटीचं तिकीट काढून जे उरलं तेवढंच पाकिटात आहे. होडीत पेट्रोल भरून ठेवा आणि बंदुकीच्या गोळ्यांचं एक खोकं आणा. उरलेत ते साठ डॉलर.