चवीचे चेहरे

ताई,

त्या तापापासून आईला कशाचीच चव लागत नाही. हे तुला कळवायचं नाही, अशी तिची ताकीद आहे, म्हणून हे पत्र मी टाकणारच नाही.

तरी तिचे उन्हाळी प्रयोग चालूच होते. काल बाबांच्या वाढदिवसाला तिने कलिंगडाचं आईस्क्रीम केलं. साखरेऐवजी मीठ पडलं होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही सगळे "झकास!" म्हणालो, बाबांनी तर पुन्हा वाढून घेतलं. त्यांचे मित्रही माना डोलवत होते. पहिल्यांदाच घरी आलेला एक पाहुणा मात्र उठून बेसिनकडे पळाला.

ते पाहून आई म्हणाली, "मी तुमची तोंडं बघून चव ठरवते रे. तीच खोटं बोलायला लागली तर मी काय करू?"

आणि मी, गाढव, म्हणाले, "नाही गं, छानच झालंय."

आज ती स्वयंपाकघराकडे फिरकलेली नाही.

पहिल्याच घासाला तोंड वाकडं करणारी घरात तू एकटीच होतीस. त्यावरूनच तर तुझी नि आईची भांडणं व्हायची. एकदा येऊन तोंड वाकडं कर, एवढं म्हणायचीही मला चोरी आहे.

तुझी,
तोंडदेखली धाकटी