'काटकोनातलं आयुष्य' आणि अडतीस मार्क

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
क्षमाचा फोन. माझी भाची, इथे जबलपूरच्याच एका डिझाइन कॉलेजात शिकवते. तिच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट दिलाय: एका नव्या पुस्तकाचा प्रचार. पुस्तक माझं! 'काटकोनातलं आयुष्य'. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ड्रॉइंग सेक्शनमध्ये छत्तीस वर्षं काढली, त्याचं आत्मचरित्र. महिन्याभरापूर्वीच छापून आलं. मी क्लायंट. आणि बाहेरचा परीक्षकही मीच, कारण भोपाळहून येणारे गृहस्थ ऐनवेळी आजारी पडले. क्षमा म्हणाली, मामा, तटस्थ राहायला जमेल ना?
हसलो. अर्ध्या मिलिमीटरसाठी लोकांची ड्रॉइंगं परत पाठवलेला माणूस मी.
संकल्प: पूर्ण तटस्थता. मुलांशी गोड बोलणं. रोज सकाळी फिरणं. आज धुकं आहे, उद्यापासून.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कॉलेजात ब्रीफिंग. दहा मिनिटं ठरली होती, पन्नास बोललो. मुलं गुंग. काहींचे डोळे मिटले होते. एकाग्रतेत मिटतात.
दोन नावं लक्षात राहिली. वेदांग: तरतरीत मुलगा. 'सर, आप तो लेजेंड हो' म्हणाला. माणसं ओळखतो. यशश्री: चष्मा, हातात माझं पुस्तक, पुस्तकात पिवळ्या चिठ्ठ्या. पण सगळ्या चिठ्ठ्या एकाच जागी, शेवटाकडे. म्हणाली, सर, चौदावं प्रकरण तुम्ही कधी लिहिलं? ते बाकीच्यासारखं नाहीये.
चौदावं म्हणजे 'दोन सायकली'. प्रेसवाला म्हणाला चार पानं कमी पडून राहिली, म्हणून एका दुपारी लिहून दिलं होतं. पुस्तकाचा गाभा पहिल्या अकरा प्रकरणांत आहे: सिनिऑरिटी लिस्ट, प्रमोशन, माझ्यावर झालेला अन्याय. हे तिला नीट समजावलं. तिने वहीत काही लिहिलं नाही.
फिरणं: झालं नाही. पायऱ्या पुष्कळ चढलो.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३
यशश्री घरी येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट. खुर्ची अशी ठेवली की मागे पुस्तकांचं कपाट दिसावं. ती आली, नमस्कार केला आणि म्हणाली, सर, काकू आहेत?
दोन तास स्वयंपाकघरात. मी तीनदा पाणी प्यायला गेलो. पहिल्यांदा अनसूया बोलत होती, मला पाहून थांबली. दुसऱ्यांदा दोघी हसत होत्या. तिसऱ्यांदा पोरीच्या डोळ्यांत पाणी. कांदा कुणी चिरत नव्हतं.
नंतर अनसूयाला विचारलं, काय विचारून राहिली होती? म्हणाली, काही नाही हो, जुन्या गोष्टी. जुन्या गोष्टी विचारायच्या तर पुस्तक मी लिहिलंय. खुर्ची परत जागेवर ठेवली.
वेदांगने फोटो मागवला. हात जोडलेला पाठवला. नम्रता दिसते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
प्रेझेंटेशन. अजून छाती धडधडते आहे. चहा जास्त झाला असावा.
वेदांगचं आधी. पडदाभर माझा चेहरा. वर, 'जबलपुर का अपना गुणवंत'. गुणवंत माझं नाव, म्हणजे दुहेरी अर्थ! त्याला मराठी समजतं, वाचता येत नाही, त्यामुळे पुस्तक वाचलेलं नाही; पण आत्मा पकडला आहे. 'काटकोनातलं'च्या जागी 'कातकोनातलं' छापलंय. इतकं कोण बघतं.
मग यशश्री. पोस्टकार्डाएवढं कार्ड. पाठमोरा माणूस, दोन हातांत दोन सायकली, समोर क्वार्टरांची रांग. खाली एक ओळ: 'आज कुणाच्या दारात?' माझा फोटो नाही.
चौदाव्या प्रकरणातला आमचा फिटर अंबादास तो. शिफ्ट सुटली आणि एखाद्याला ओव्हरटाइमला थांबवलं, किंवा लागलं-खुपलं म्हणून दवाखान्यात नेलं, की त्याची सायकल अंबादास घरी पोचवायचा. एका हातात आपली, एका हातात त्याची. तो गल्लीत वळला की सगळ्या बाया दारात. घंटी वाजवत आला तर ओव्हरटाइम. न वाजवता आला तर दवाखाना. यशश्रीने हे इतक्या हळू सांगितलं की वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येत होता.
तिथेच थांबायला हवं होतं. शेवटच्या स्लाइडवर लिहिलं होतं, 'आठवण: अनसूया देवपुजारी. लेखन: गुणवंत देवपुजारी.' म्हणाली, सर तर त्या वेळी आत, ड्रॉइंग सेक्शनमध्ये असत. दारात काकू उभ्या असत. आणि पुस्तकात नसलेली एक गोष्ट. एकदा अंबादास सुट्टीवर होता. नव्या माणसाने सरांची सायकल यांच्याच दाराला टेकवली आणि घंटी न वाजवता निघून गेला. त्याला ही खूण ठाऊक नव्हती. काकू तीन तास पायरीवर बसून होत्या. सर ओव्हरटाइम करून आले आणि म्हणाले, स्वयंपाक झाला नाही अजून?
वर्ग माझ्याकडे बघत होता. ही माहिती मला आधी कळवली गेली नव्हती. एकोणतीस वर्षांत कळवली गेली नव्हती.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मार्क. वेदांग ९१. यशश्री ३८. पासिंगला ४० लागतात.
कारणं: अक्षर बारीक. लेखकाचा फोटो नाही. संशोधन गरजेपेक्षा जास्त. गोष्ट अनसूयाने सांगितली असेल, मी नाही म्हणत नाही. पण शब्द माझे आहेत. गवंड्याचं नाव कुणी घरावर लिहितं का?
फॉर्म पाठवून टाकला. मन अगदी शांत. अंगणात सत्तावीस फेऱ्या मारल्या, म्हणजे फिरण्याचा संकल्पही पुरा.
अनसूयाला त्या दिवसाबद्दल विचारायचं होतं. ती डाळ निवडत होती. उद्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार
क्षमाचा फोन. तिने यशश्रीला ८२ दिलेत. पण बाहेरच्या परीक्षकाकडे वेगळं पास व्हावं लागतं; माझ्या मार्कांनी पोरगी नापास झाली तर पुण्याच्या प्रकाशकाकडे मिळालेली इंटर्नशिप जाईल. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, कारण लेखी द्या. मग म्हणाली, मामा, काहून पण?
बस, एवढंच. काहून. लहानपणी खांद्यावर बसून असंच विचारायची.
लेखी कारण चार वेळा लिहिलं. चारही वेळा तिसऱ्या ओळीत अनसूयाचं नाव आलं. फाडलं. 'क्राफ्ट कमजोर' एवढं कळवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १२
सकाळी अकराला फाटकाशी यशश्री. मी भिऊन पळालो असं नाही. कोथिंबीर संपली असेल असं वाटलं, म्हणून मागच्या दाराने अधारतालच्या मेन रोडवर गेलो. पाऊण तास लागला. आजकाल चांगली कोथिंबीर मिळत नाही.
परत आलो तेव्हा ती गेली होती. घरात आधीच दोन जुड्या होत्या. अनसूया म्हणाली, मार्क मागायला नव्हती आली ती, काय चुकलं ते विचारायला आली होती. मग माझ्या हातून जुडी घेतली. म्हणाली, पोरीला तुमचं पुस्तक खरंच आवडलं हो.
उद्या अनसूयाशी बोलायचंच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
बोललो नाही. वेळच नव्हता. प्रोजेक्टचा पुढचा टप्पा म्हणून दोघांनी आपापला प्रचार खरोखर करून दाखवायचाय. कमानिया गेटपाशी वेदांगचा फ्लेक्स लागला. स्कूटरवरून चारदा पाहून आलो. हात जोडून उभा मी, दहा फूट. खाली पुस्तकासाठी माझा मोबाइल नंबर.
प्रतिसाद जबरदस्त! पहिला फोन: भैया, हमारी गली की नाली कब साफ होगी? दुसरा: खंबे की लाइट बंद है. तिसऱ्याने विचारलं, टिकट कौन सी पार्टी से मिला? मी लेखक आहे सांगितलं, तर म्हणाला, चलो, वो भी ठीक है, लेकिन नाली?
साहित्य सामान्य माणसापर्यंत पोचतंय.

२३ फेब्रुवारी, रविवार. रात्री १०
दोन कार्यक्रम होते. सकाळी दहाला खमरियात, क्वार्टरांजवळच्या चहावाल्याच्या बाकांवर, यशश्रीचा. मी गेलो नाही; परीक्षकाने अंतर राखावं. अनसूया गेली. तिची निळी साडी. मला वाटलं होतं ती साडी फक्त लग्नाकार्याची आहे.
संध्याकाळी पाचला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये वेदांगचा. ऐंशी खुर्च्या. आले सहा जण. त्यात हॉलचा शिपाई, माईकवाला, वेदांग आणि त्याचे दोन मित्र. सहावे एक वयस्कर गृहस्थ, पहिल्या रांगेत, फाइल घेऊन. मी प्रकरण चौथे, 'सिनिऑरिटी लिस्ट: वस्तुस्थिती' पूर्ण वाचलं. ते गृहस्थ शेवटपर्यंत बसले, मग फाइल उघडून नालीचे फोटो दाखवले. वेदांग माफी मागत होता. त्याचा काय दोष? रविवारी लोक बाहेर जातात.
घरी आल्यावर अनसूयाला सहज विचारलं, तुमच्याकडे किती होते? बाकं कमी पडली म्हणाली. बायाच जास्त. प्रत्येकीला आपल्या दारातली एक-एक सायकल आठवत होती. यशश्रीने सगळं रेकॉर्ड केलं.
जेवलो नाही. ॲसिडिटी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४
बसवत नाही. वाचवत नाही. टीव्ही लावला, बंद केला. स्कूटर काढली, सरळ खमरियाला गेलो. मुद्दाम नाही, रस्ताच तिकडे जातो.
चहावाल्याच्या भिंतीला ते कार्ड चिकटवलेलं. बाकावर एक म्हातारे गृहस्थ. ओळख नाही, दुसऱ्या सेक्शनचे असावेत. मी कार्डाकडे बघतोय हे पाहून स्वतःहून बोलायला लागले. म्हणाले, मेरे बाबूजी की साइकिल आई थी एक बार, बिना घंटी के. अम्मा ने दरवाज़ा ही नहीं खोला. बोलीं, जब तक खोलूँगी नहीं, तब तक कुछ नहीं हुआ. चष्मा पुसला. मग म्हणाले, किसी औरत की लिखी किताब है, आदमी को ये सब कहाँ दिखता है.
मी म्हणणार होतो, किताब मेरी है. चहा घेतला. बराच वेळ घेतला. शेवटी म्हणालो, हाँ, किसी औरत की ही है.
हे मी का बोललो माहीत नाही. ऊन लागलं असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
अनसूयाला विचारलं. सरळच विचारलं. त्या दिवशी पायरीवर बसली होतीस, मला सांगितलं काहून नाही?
ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, तुम्ही आल्यावर त्या वेळच्या सुपरिंटेंडेंटबद्दल बोलायला लागलात. झोपेपर्यंत तेच बोलत होता. मग म्हणलं, राहू द्या.
त्या सुपरिंटेंडेंटवर प्रकरण सातवे आहे. बावीस पानं.
दुपारी नवा फॉर्म भरला. यशश्री ६५. खोडून ७२. खोडून ८०. हे मी दबावाखाली करत नाही. मोठा माणूस स्वतःचा निर्णय बदलू शकतो, हे मुलांना शिकायला मिळावं म्हणून. उद्या स्वतः कॉलेजात जाऊन देणार. तिला काय सांगायचं तेही ठरवलं, साधारण पंधरा मिनिटांचं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
क्षमाने फॉर्म हातात घेतला, वाचला, टेबलावर ठेवला. म्हणाली, मामा, रिझल्ट सोमवारीच लागला. तुम्ही नियम म्हणजे नियम म्हणालात, म्हणून मी नियमच काढून वाचले. दोन परीक्षकांत वीसपेक्षा जास्त मार्कांचं अंतर असलं की तिसरा परीक्षक बघतो आणि लांबचा आकडा बाद होतो. लांबचा म्हणजे माझा. दोन्ही मुलांच्या बाबतीत. वेदांगला क्षमाचे ५८ होते.
यशश्रीला ८३. म्हणजे तेरा दिवस मी जे काही भोगलं, त्याचा कुणालाच उपयोग नव्हता आणि त्रासही नव्हता. विचारलं, मला कळवलं काहून नाही? म्हणाली, तुम्ही फोन उचलत नव्हता. खरं आहे. नालीवाल्यांमुळे अनोळखी आणि ओळखीचे, दोन्ही नंबर बंद केले होते.
यशश्री जिन्यात भेटली, बॅग घेऊन. संध्याकाळची गाडी पुण्याची. माझं पंधरा मिनिटांचं भाषण सुरू करणार, तोच ती म्हणाली, सर, सॉरी, त्या दिवशी वर्गात सांगायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.
मी म्हणालो, माहीत असायला हवं होतं.
भाषणातलं हे वाक्य नव्हतं. बाकीचं आठवेना. बॅग रिक्षापर्यंत नेऊन दिली. जड होती.

२ मार्च, रविवार. दुपारी १
नवं पुस्तक सुरू. सिनिऑरिटी लिस्ट नाही, सुपरिंटेंडेंट नाही; फक्त माणसं. दिवसाला तीन पानं, म्हणजे दिवाळीपर्यंत जवळजवळ सातशे. दहा वाजता बसलो. दहा ते अकरा: टेबल खिडकीकडे सरकवलं. अकरा ते बारा: परत आणलं. बारा ते पाऊण: तारीख लिहिली.
शेवटी अनसूयाला हाक मारली. म्हटलं, जरा बस इथे. त्या गल्लीतलं आणखी काय काय आठवतं तुला? तू सांग, मी लिहितो. या वेळी नाव वर घालू, दोघांचं.
ती दारातच उभी राहिली. म्हणाली, आठवतं पुष्कळ. पण आता मीच लिहून राहिली. मागच्या रविवारपासून. यशश्रीला दर रविवारी पाठवायचं कबूल केलंय. चाळीस पानं झाली.
मी विचारलं, चाळीस? कधी लिहितेस?
म्हणाली, तुम्ही अंगणात फेऱ्या मारता तेव्हा. मग म्हणाली, माझा पेन संपला आहे, तुमचा रिकामाच असेल तर द्या.
दिला. हे पेन्सिलने लिहितोय.